राज्याची सीमा आणि दंडाची पावती

कर्ज लहान असो वा मोठे, ते विसरल्याने फिटत नाही, ही गोष्ट बँकेच्या ग्राहकांना वेगळी सांगावयास नको. परंतु काही देणी रकमेने इतकी क्षुल्लक असतात, की त्यामुळेच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. वाहतूक नियमभंगाचा दंड हे त्यांतील ठळक उदाहरण होय. शंभर-दीडशे डॉलरांची पावती गाडीच्या खणात पडून राहते, दरम्यान नोकरी बदलते, पत्ता बदलतो, राज्यही बदलते. आणि वर्ष-दीड वर्षाने एके दिवशी कळते, की आपला वाहन चालविण्याचा परवाना केव्हाच निलंबित झालेला आहे.

येथे डॉलर हा शब्द हेतुपुरस्सर योजिला आहे. आपल्या बँकेच्या अनेक शाखांत असे ग्राहक आहेत, की ज्यांचा मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी अथवा नोकरीनिमित्त अमेरिकेत वास्तव्य करून आहे. शैक्षणिक कर्ज घेताना किंवा अनिवासी खाते उघडताना ही मंडळी विद्यापीठाचे शुल्क, आरोग्य विमा, व्हिसा, विनिमय दर या सर्व बाबींची बारकाईने चौकशी करतात. तेथे गाडी चालविण्याविषयी मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक न्यूयॉर्कसारखी मोजकी शहरे सोडल्यास अमेरिकेत गाडीवाचून पान हलत नाही. कार्यालय, मुलांची शाळा, रुग्णालय, किराणा दुकान यांपैकी पायी जाण्याजोगे काहीच नसते. अशा देशात परवाना गमावणे म्हणजे पायात बेड्या पडणेच होय. म्हणूनच परराज्यात झालेला दंड न भरल्यास परवान्यावर त्याचा परिणाम कसा व का होतो, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

पन्नास राज्ये, पन्नास परवाने

आपल्या देशात मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या कलम १३ अन्वये देशातील कोणत्याही परवाना प्राधिकाऱ्याने दिलेला परवाना संपूर्ण भारतात वैध असतो. कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने दिलेल्या परवान्यावर गुवाहाटीत गाडी चालविता येते आणि त्याचे आपणांस नवलही वाटत नाही.

अमेरिकेत स्थिती निराळी आहे. तेथे सर्वसामान्य चालकांसाठी राष्ट्रीय परवाना अस्तित्वातच नाही. पन्नास राज्ये आणि राजधानीचा कोलंबिया जिल्हा यांपैकी प्रत्येकाचा वाहतुकीचा कायदा स्वतंत्र, परवाना देणारे कार्यालय स्वतंत्र आणि नियमभंगाबद्दल चालकाच्या खाती दोषगुण मांडण्याची पद्धतही स्वतंत्र. एका राज्याचा परवाना घेऊन दुसऱ्या राज्यात प्रवास करण्यास मुभा असते. मात्र वास्तव्य हलविल्यास ठरावीक मुदतीत नव्या राज्याचा परवाना घेऊन जुना परत करावा लागतो.

या रचनेत एक अडचण आरंभापासून होती. पेनसिल्व्हेनियाला न्यू जर्सीने दिलेला परवाना रद्द करण्याचा अधिकार नाही. फार तर आपल्या हद्दीत गाडी चालविण्याची त्या चालकाची मुभा ते राज्य काढून घेऊ शकते. त्यामुळे परराज्यातील चालकाने नियम मोडला आणि सीमा ओलांडली, की दंडाची वसुली जवळजवळ अशक्य होई.

यावर पूर्वी जो उपाय योजिला जाई, तो प्रवाशांना जाचक होता. स्थानिक चालकाची सही घेऊन पोलीस त्यास सोडून देत. परंतु गाडीची पाटी परराज्याची दिसली, की त्याच चुकीसाठी चालकास जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे नेले जाई. तेथे दंडाची रक्कम अनामत ठेवावी लागे. जवळ रोकड नसल्यास न्यायालय उघडेपर्यंत कोठडीत बसण्याची पाळीही येई. ही आपत्ती टळावी म्हणून मोटारचालकांच्या संघटना आपल्या सभासदांना हमीपत्रे देत असत. सभासद हजर न राहिल्यास ठरावीक रकमेपर्यंत संघटना जबाबदार राहील, असा त्यांचा आशय असे. बँक गॅरंटीचे काम पाहिलेल्या कोणाही कर्मचाऱ्यास ही कल्पना ओळखीची वाटेल.

राज्याराज्यांतील करार

अमेरिकी राज्यघटनेनुसार राज्यांना आपसांत करार करावयाचे असल्यास काँग्रेसची, म्हणजे तेथील संसदेची, संमती लागते. रस्ते सुरक्षेबाबतच्या करारांना अशी सर्वसाधारण संमती १९५८ साली देण्यात आली आणि त्यानंतर क्रमाक्रमाने तीन व्यवस्था उभ्या राहिल्या. त्यांची नावे सारखी वाटली, तरी कार्ये भिन्न आहेत.

पहिली व्यवस्था म्हणजे नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर, अर्थात चालकांची राष्ट्रीय नोंदवही. १९६० च्या कायद्याने ती सुरू झाली. ज्यांचा परवाना निलंबित वा रद्द झाला आहे अथवा ज्यांना तो नाकारण्यात आला आहे, तसेच काही गंभीर गुन्ह्यांत जे दोषी ठरले आहेत, अशा चालकांची ओळख या नोंदवहीत असते. संपूर्ण तपशील तेथे नसतो. तो कोणत्या राज्याकडे मिळेल, एवढा निर्देश असतो. नवा परवाना देण्यापूर्वी राज्ये ही नोंदवही पडताळून पाहतात.

दुसरी व्यवस्था म्हणजे साठच्या दशकाच्या प्रारंभी आकारास आलेला ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट. ‘एक चालक, एक परवाना, एक नोंद’ हे त्याचे सूत्र. परराज्यात एखादा चालक दोषी ठरला, तर ती माहिती त्याच्या मूळ राज्याला कळविली जाते. मद्यपान करून गाडी चालविणे, अपघात करून पळून जाणे यांसारखे गुन्हे जणू मूळ राज्यातच घडले, असे मानून कारवाई होते. किरकोळ नियमभंगांना किती महत्त्व द्यावयाचे, हे मूळ राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते.

तिसरी व्यवस्था प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे १९७७ चा नॉन-रेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट. परराज्यातील चालकास अडकवून ठेवू नये, स्थानिक चालकाप्रमाणेच सही घेऊन त्यास जाऊ द्यावे, हा या कराराचा एक भाग. आणि त्याने पावतीस उत्तर दिले नाही, तर ते दिले जाईपर्यंत मूळ राज्याने त्याचा परवाना निलंबित ठेवावा, हा दुसरा भाग. म्हणजे पूर्वी जी जबाबदारी रोख अनामत पार पाडीत असे, ती आता परवान्यावर आली. चाळीसहून अधिक राज्ये आणि कोलंबिया जिल्हा या करारात सामील झाले.

आपल्या क्षेत्रातील उदाहरण घ्यावयाचे, तर एके काळी एका बँकेचे कर्ज थकविणारी व्यक्ती समोरच्याच बँकेत जाऊन नवे कर्ज मिळवू शकत असे. २००० साली ‘सिबिल’ची स्थापना झाली, २००५ साली पत माहिती कंपन्यांविषयीचा कायदा झाला आणि एका ठिकाणची थकबाकी दुसऱ्या ठिकाणी दिसू लागली. अमेरिकेतील राज्यांनी परवान्याच्या बाबतीत तोच मार्ग त्यापूर्वी काही दशके अनुसरला होता.

एका पावतीचा प्रवास

समजा, न्यू जर्सीचा परवाना असलेला एक तरुण अभियंता सुट्टीत पेनसिल्व्हेनियातून जात असताना वेगमर्यादा ओलांडतो. पोलीस त्यास थांबवून पावती देतो. तेथील मराठी मंडळी हिलाच ‘तिकीट’ म्हणतात. पावतीवर उत्तर देण्याची मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत दोन मार्ग उपलब्ध असतात : दोष मान्य करून दंड भरणे, किंवा दोष नाकारून सुनावणी मागणे.

हा तरुण यांपैकी काहीच करीत नाही. मुदत उलटल्यावर पेनसिल्व्हेनिया ‘उत्तर मिळालेले नाही’ असा अहवाल न्यू जर्सीला पाठविते. करारानुसार पावती दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत हा अहवाल जावा लागतो. त्यानंतर न्यू जर्सीचे कार्यालय चालकास नोटीस पाठविते, की अमुक तारखेपूर्वी त्या राज्यातील प्रकरण मिटवा, अन्यथा परवाना निलंबित होईल. तरीही हालचाल न झाल्यास निलंबन अमलात येते. ते महिना-दोन महिन्यांनी आपोआप संपत नाही. पावती देणाऱ्या राज्याकडून ‘पूर्तता झाली’ असे पत्र येईपर्यंत ते कायम राहते. त्यानंतरही परवाना पुन्हा चालू करण्याचे शुल्क मूळ राज्याला वेगळे द्यावे लागते. एवंच एकाच चुकीपायी पेनसिल्व्हेनियाचा दंड, त्यावरील खर्च आणि न्यू जर्सीचे शुल्क असा तिहेरी भार पडतो.

या संपूर्ण प्रवासातील दुबळा दुवा म्हणजे पत्ता. नोटीस जाते ती परवान्याच्या नोंदीत असलेल्या पत्त्यावर. विद्यार्थी आणि नवे नोकरदार वर्षातून एकदा तरी घर बदलतात. पत्ता बदलल्याची सूचना न्यूयॉर्क व कॅलिफोर्नियात १० दिवसांत आणि न्यू जर्सीत एका आठवड्यात द्यावी लागते. बहुतेकांना हा नियम ठाऊकच नसतो. नोटीस जुन्या घराच्या टपालपेटीत पडून राहते आणि निलंबित परवाना खिशात घेऊन मनुष्य निश्चिंतपणे गाडी चालवीत असतो. खातेधारकांनी पत्त्यातील बदल वेळेवर कळवावा, असा आग्रह आपण बँकेत धरतो, तेव्हा काही ग्राहकांना तो कटकटीचा वाटतो. त्याचे मोल अशा प्रसंगी ध्यानात येते.

कराराबाहेरचे प्रकार

प्रत्येक पावती या करारात येते असे नाही. गाडी चुकीच्या जागी उभी करण्याचा दंड त्यातून वगळलेला आहे. मात्र तो थकल्यास संबंधित शहर वा राज्य आपल्या हद्दीत गाडीच्या चाकास जाम लावू शकते, आणि अनेक राज्यांत त्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरणही अडते. उलटपक्षी ज्या गंभीर प्रकरणांत न्यायालयात जातीने हजर राहणे सक्तीचे असते, तीही या करारात मोडत नाहीत. कारण त्यांत केवळ सही घेऊन सोडून देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उदाहरणार्थ, व्हर्जिनियात ताशी ८५ मैलांहून अधिक वेग हा ‘बेदरकार वाहनचालन’ या सदराखाली फौजदारी गुन्हा ठरतो.

कॅलिफोर्निया, ओरेगन, मिशिगन, विस्कॉन्सिन अशी काही राज्ये या करारापासून दूर राहिली. त्यामुळे तेथील पावती विसरली तरी चालते, असा समज प्रवासी मित्रमंडळींत आढळतो. तो धोक्याचा आहे. करारात नसलेले राज्यही आपल्या हद्दीतील मुभा काढून घेऊ शकते आणि त्याची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत पोहोचू शकते. पुढे कधी नव्या राज्यात परवान्यासाठी अर्ज केला, की ती नोंद आडवी येते.

आमच्या शाखेचे ग्राहक असलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना हा अनुभव अलीकडेच आला. त्यांचे चिरंजीव शिक्षण संपवून दुसऱ्या राज्यात नोकरीस रुजू झाले आणि परवाना बदलून घेण्यास गेले, तेव्हा तिसऱ्याच एका राज्यातील विद्यार्थिदशेतील पावती अनुत्तरित असल्याचे आढळून परवाना नाकारण्यात आला. खात्यातून पैसे पाठविण्यासाठी सर आले होते. फॉर्म भरता भरता ते म्हणाले, “साहेब, पैसे तर तो आज भरायला तयार आहे. मग अडवून का ठेवतात? कामावर जायला तिथे बससुद्धा नाही म्हणतो.”

“सर, पैसे आज भरले तरी त्या राज्याचे पत्र यायला वेळ लागतो,” मी त्यांना सांगितले. “आपल्याकडे कर्ज फेडल्यावर बोजा उतरायलाही दिवस लागतातच ना!”

सर हसले, पण त्यांची काळजी रास्त होती. नवी नोकरी, नवे गाव आणि त्यात सहकाऱ्याच्या गाडीची रोज वाट पाहणे हे काही सुखाचे नव्हे.

निलंबित परवाना आणि पुढील परिणाम

परवाना निलंबित असताना गाडी चालविणे हा अमेरिकेतील बहुतेक राज्यांत फौजदारी गुन्हा आहे. मूळ चूक वेगाची वा सिग्नलची होती आणि तिच्यासाठी केवळ दंड होता. परंतु निलंबनानंतर त्याच चालकास रस्त्यावर अटक होऊ शकते आणि गाडीही जप्त होऊ शकते. वाहन विमा कंपनी हप्ता वाढविते अथवा विमापत्राचे नूतनीकरण नाकारते.

परदेशी नागरिकांच्या बाबतीत आणखी एक पैलू आहे. व्हिसाच्या डी.एस.-१६० या अर्जात आजवर कधी अटक झाली होती काय, असा स्पष्ट प्रश्न असतो. किरकोळ वाहतूक दंडामुळे व्हिसा जात नाही. तथापि दंडाकडे दुर्लक्ष केल्याने जी अटक ओढवते, तिचा खुलासा मात्र पुढील प्रत्येक अर्जात करीत बसावे लागते.

मुलांकडे काही महिन्यांसाठी जाणारे आणि भारतीय परवाना व आंतरराष्ट्रीय वाहनचालन परवान्याच्या आधारे गाडी चालविणारे आई-वडील यांनाही हे लागू आहे. अमेरिकेतील राज्य भारतीय परवाना निलंबित करू शकत नाही. मात्र आपल्या हद्दीत गाडी चालविण्याची मुभा काढून घेऊ शकते. भाड्याच्या गाडीवर कॅमेऱ्याने टिपलेला दंड प्रथम गाडी देणाऱ्या कंपनीकडे जातो आणि ती कंपनी आपल्या सेवाशुल्कासह तो ग्राहकाच्या क्रेडिट कार्डावर टाकू शकते अथवा ग्राहकाचे नाव शासनास कळवू शकते. भारतात परतल्यावर कार्डाच्या विवरणात अनोळखी रक्कम दिसली, तर ती नाकारण्यापूर्वी प्रवासातील अशा शक्यतेचा विचार करावा.

वसुली आणि उपजीविका

येथवरची चर्चा नियमांची झाली. परंतु या विषयात न्यायाचाही एक प्रश्न दडलेला आहे. वेळ असून दुर्लक्ष करणारा मनुष्य आणि खिशात पैसाच नसल्याने दंड भरू न शकणारा मनुष्य या दोघांना एकाच मापाने मोजावे काय?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७१ साली बेल विरुद्ध बर्सन हा खटला आला. जॉर्जिया राज्यातील एका धर्मोपदेशकास आपल्या कामासाठी तीन खेड्यांत गाडीने फिरावे लागे. त्यांच्या गाडीवर एक लहान मुलगी सायकलसह येऊन आदळली. विमा नसल्याने, तारण न भरल्यास परवाना निलंबित होईल, असे त्यांना कळविण्यात आले. अपघातातील दोष कोणाचा, याचा विचारही झाला नाही. न्यायालयाने निर्णय दिला, की एकदा दिलेला परवाना उपजीविकेसाठी आवश्यक ठरू शकतो. म्हणून योग्य सुनावणीवाचून तो हिरावून घेता येणार नाही.

परवाना ही केवळ सवलत आहे, अशी भूमिका घेणाऱ्या राज्यांनाही पुढे अनुभवाने शिकविले. परवाना गेला की नोकरी जाते, नोकरी गेली की दंड भरण्याची ऐपत जाते आणि थकबाकी वाढत राहते. या कारणास्तव कॅलिफोर्नियाने २०१७ साली केवळ दंड न भरल्याबद्दल परवाना निलंबित करणे थांबविले. व्हर्जिनियाने २०२० साली तसा कायमस्वरूपी कायदा केला. न्यूयॉर्कचा अशा स्वरूपाचा कायदा २०२१ मध्ये अमलात आला आणि त्यात हप्त्यांची सोय करण्यात आली : दरमहा २५ डॉलर किंवा मासिक उत्पन्नाच्या २ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती. २०१७ पासून वीसहून अधिक राज्यांनी या दिशेने कमी-अधिक बदल केले आहेत.

या सुधारणांतील एक भेद मात्र ध्यानात ठेवावयास हवा. अनेक राज्यांनी दंड ‘न भरणे’ आणि पावतीस ‘उत्तर न देणे’ यांत फरक केला आहे. ऐपत नसल्याचे सांगणाऱ्यास हप्ते, मुदत वा सूट मिळू शकते. काहीच न कळविणाऱ्यावरील कारवाई पुष्कळ ठिकाणी अद्याप तशीच आहे.

आपल्या कायद्यातही याच विचाराचे बीज आढळते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० अन्वये कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याच्या उपजीविकेस आवश्यक असलेली अवजारे, जनावरे व बियाणे ऋणवसुलीसाठी जप्त करता येत नाहीत. ज्या साधनाने मनुष्य कमावतो, तेच काढून घेतले तर कर्ज फिटणार कोठून, हा त्यामागील व्यवहारी विचार. थकीत कर्जाच्या वसुलीचे काम केलेल्या प्रत्येक अधिकाऱ्यास हेही ठाऊक असते, की शाखेत येऊन अडचण सांगणाऱ्या कर्जदारासाठी हप्त्यांची फेररचना करता येते. पत्रांना उत्तर न देणाऱ्यासाठी काही करता येत नाही.

आपल्या देशात

भारतात परवाना देशभर चालत असला, तरी दंडाची नोंद पूर्वी जिल्ह्याच्या वा राज्याच्या पावतीपुस्तकातच राहत असे. ती स्थिती झपाट्याने पालटत आहे. ‘वाहन’ आणि ‘सारथी’ या संगणक प्रणालींमुळे नोंदणी व परवान्यांची माहिती एकत्र येऊ लागली. २०१९ च्या सुधारणा कायद्याने परवान्यांची राष्ट्रीय नोंदवही आणि वाहनांची राष्ट्रीय नोंदवही यांसाठी अनुक्रमे कलम २५-अ व ६२-ब यांची भर घातली. कॅमेऱ्यासारख्या उपकरणांनी नियमभंग टिपण्याची तरतूद कलम १३६-अ मध्ये झाली आणि त्यासंबंधीचे नियम ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातील वाहतूक चलानांसाठीच्या आभासी न्यायालयाचे उद्घाटन ३१ ऑक्टोबर २०२० रोजी झाले. नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे ते सुरू करण्यात आले.

आपल्याकडे कॅमेऱ्याचे चलान प्रामुख्याने वाहनाच्या क्रमांकावर नोंदले जाते. साहजिकच त्याचा पहिला फटका वाहनाशी संबंधित कामांना बसतो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गाडी नेताना लागणारे ना हरकत प्रमाणपत्र, मालकीचे हस्तांतर अशा कामांच्या वेळी जुनी चलाने पुढे उभी राहतात. बदलीच्या नोकरीतील कर्मचाऱ्यांनी हे विशेषकरून ध्यानात घ्यावे. बंगळुरू वा अहमदाबादहून बदली होऊन येताना घरमालकाचा हिशेब, गॅसची जोडणी आणि मुलांचे दाखले यांच्या यादीत गाडीवरील चलानांची तपासणीही असावी. वापरलेली गाडी कर्ज काढून विकत घेणाऱ्यांनी तर व्यवहारापूर्वीच ती करावी; अन्यथा आधीच्या मालकाचे देणे निस्तरण्यात आपला वेळ जातो.

ग्राहकांसाठी काही सूचना

१. पावती मिळताच तिची प्रत काढून ठेवावी आणि उत्तर देण्याची अंतिम तारीख, राज्य व न्यायालयाचे नाव लिहून ठेवावे.

२. दंड भरणे म्हणजे बहुतांश ठिकाणी दोष मान्य करणे होय. त्याचे दोषगुण परवान्याच्या नोंदीत आणि परिणाम विम्याच्या हप्त्यात दिसू शकतात. पावती अयोग्य वाटत असल्यास मुदतीत सुनावणी मागावी. परराज्यातील प्रकरणी स्थानिक वकिलामार्फत उत्तर देण्याचीही सोय अनेकदा असते.

३. रक्कम परवडत नसल्यास तसे लेखी कळवून हप्ते वा मुदतवाढ मागावी.

४. पत्ता बदलल्यास परवाना कार्यालयास विहित मुदतीत कळवावे. अमेरिकेत राहणाऱ्या बहुतेक परदेशी नागरिकांना तेथील स्थलांतर विभागासही १० दिवसांत नवा पत्ता कळवावा लागतो. भारतात वाहनाच्या नोंदीतील भ्रमणध्वनी क्रमांक अद्ययावत ठेवावा.

५. राज्य सोडण्यापूर्वी परवाना कार्यालयाकडून आपल्या नोंदीचा उतारा मागवून पाहावा. एखादे जुने प्रकरण शिल्लक असल्यास ते तेव्हाच कळते.

६. दंड भरल्याची पावती आणि निलंबन उठल्याचे पत्र जपून ठेवावे. पैसे भरले म्हणजे परवाना पूर्ववत झाला, असे गृहीत धरू नये. परवाना कार्यालयाकडून तशी खात्री झाल्याखेरीज गाडी चालवू नये.

७. ‘आपले चलान थकले आहे, त्वरित या दुव्यावर पैसे भरा’ असे संदेश पाठवून फसविण्याचे प्रकार भारतात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे घडले आहेत. संदेशातील दुवा उघडू नये, सोबत आलेली फाइल भ्रमणध्वनीवर घेऊ नये. शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः जाऊन वाहनाचा वा पावतीचा क्रमांक घालून खात्री करावी. असा व्यवहार चुकून झालाच, तर विनाविलंब आपल्या शाखेशी आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकाशी संपर्क साधावा.

परदेशी निघालेल्या मुलांच्या सामानाची यादी घराघरांत मोठ्या प्रेमाने केली जाते. लोणच्याच्या बरणीपासून औषधांच्या चिठ्ठीपर्यंत काही विसरले जात नाही. त्या यादीच्या अखेरीस आई-वडिलांनी एवढे एक वाक्य जोडावे : रस्त्यावर चूक झाली तर घाबरू नकोस, पण मिळालेल्या कागदाला मुदतीत उत्तर दे.